रेडिओवरचा बाप

—छे छे, पाठवा की! मी कुठं नको म्हणतोय, अलीभाई? मुलगी तुमची, फी तुमची, पाखरणी विद्यापीठ सरकारमान्य — मी आपला कोल्ड स्टोअरचा रिटायर्ड क्लार्क, माझं काय जातंय? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे. आमची हेलन सोहारला चर्चला गेलीय, शुक्रवारची मिस्सा आटोपून येईल इतक्यात, म्हणूनच तुम्हाला आत्ता बोलावलं — म्हणजे तसं काही नाही, तुम्हालाही जुम्म्याला जायचंय ना, त्याआधी उरकावं. तर तुम्ही विचारलंत, गाव कसं आहे. गाव चांगलं आहे. डोंगर आहे, नदी आहे, नदीत पाणीसुद्धा असतं. मी एकदाच गेलो, आमच्या मुलाला, लॉईडला सोडायला, आणि राहिलो तेवढ्या दिवसांत मला एकही माणूस काम करताना दिसला नाही. अहो, खरंच! सगळे प्रोजेक्ट करत होते. आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे पूल, रस्ता, गेला बाजार एखादी पाण्याची टाकी. तिथं एक पोरगी नदीकाठी मायक्रोफोन धरून बसलेली. मी विचारलं, काय करतेस बाळा? म्हणाली, अंकल, शांतता रेकॉर्ड करतेय. मी म्हटलं, मग आता मी बोललो त्याचं काय? तर म्हणते, राहू द्या, तेही वापरता येईल. असं आहे ते. तिथं काही म्हणजे काही वाया जात नाही. तुम्ही शिंकलात तरी कोणाच्या तरी फिल्ममध्ये जाता.

आणि रेडिओ! आपल्या या ओमानातल्या सहममध्ये जशी न्हाव्याची दुकानं, तशी तिथं रेडिओ स्टेशनं. गल्लीला एक. एका गल्लीत दोन वर्तमानपत्रं, समोरासमोर — दोघं रोज एकमेकांबद्दल छापतात, कारण तिसरं काही त्या गावात घडतच नाही. भिंतीवर लिहिलेलं, 'या गल्लीला मालक नाही', आणि खाली खोली भाड्यानं मिळेल म्हणून मालकाचा फोन नंबर. पुस्तकांचं दुकान आहे, तिथं पुस्तक विकत मागितलं तर दुकानदार दुखावतो. आधी बसा म्हणतो, बोला. मी म्हटलं, बाबा, मला फक्त बसचं टाइमटेबल हवंय. तर म्हणाला, टाइमटेबल ही एक हुकूमशाही आहे. बस चुकली, अलीभाई. हुकूमशाही वेळेवर निघाली होती. — हसू नका, तुम्हीही त्याच दुकानात जाणार आहात, मुलीला घेऊन. अफशीन काय शिकणार म्हणालात? डॉक्युमेंटरी. वा. म्हणजे खऱ्या माणसांवर. खरी माणसं तिला कोणती माहीत आहेत? गुलबानूभाभी, तुम्ही आणि तुमचं सिमेंट-पत्र्याचं दुकान. समजलं का मी काय म्हणतोय ते?

नाही समजलं. मग नीट ऐका, ही गोष्ट माहितीपत्रकात छापत नाहीत. पाखरणीत प्रत्येक कलाकाराला एक वाईट बाप लागतो. त्याशिवाय पहिलं वर्ष पास होत नाही. ज्याचा बाप बरा असतो त्याची फार पंचाईत होते बिचाऱ्याची. तो आजोबांवर भागवतो. आमच्या लॉईडला घरचाच होता — तेवढाच खर्च वाचला.

हो, हे पार्सल त्याच्याचसाठी. तोंड असं का करताय? आपल्याकडे कोणी गावाला निघाला की त्याची बॅग अख्ख्या गल्लीची होते, ही काय नवीन गोष्ट आहे? मागच्या खेपेला तुम्ही बाळकृष्णाची इस्त्री नेली रत्नागिरीपर्यंत, जशी काय रत्नागिरीत लोक चुरगळलेलेच हिंडतात. मग माझं एवढंसं पार्सल जड झालं? — बोलत नाही, म्हणजे भांडण नाही हो आमचं. बोलत नाही, एवढंच. आणि हे माझ्याकडून आहे असं सांगायचंच नाही. हेलननं दिलं म्हणायचं. हलवा आहे, केशराचा, खजूर आहेत, वरती मफलर. डोंगराळ गाव, गार असतं. खाली? खाली काही नाही. अहो, उचकू नका ना — बरं, बघितलंत तर बघितलंत. ज्येष्ठमध आहे. घशाच्या गोळ्या. ते वाफ घ्यायचं भांडं. मध घरचा नाही, पण निझवाचा आहे, चांगला आहे. अहो, घशाचंच सगळं का म्हणजे काय — माणसाला घसा असतो म्हणून.

तुम्हाला कार्यक्रम माहीत आहे का, मला ठाऊक नाही. माहीत असणार, सहममध्ये माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. 'श्रीयुत यथायोग्य' नाव. गल्फमधला एक क्लार्क, वसईचा, मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये — योगायोग बघा! — आणि हा माणूस घरातसुद्धा ऑफिसच्या भाषेत बोलतो. बायकोला म्हणतो, आपल्या कालच्या तोंडी विनंतीस अनुसरून भाजी आणली आहे. लॉईड स्वतःच करतो तो आवाज, नाकातून. मी नाकातून बोलतो का, अलीभाई? — खाली कशाला बघताय? असो. मी एकच भाग ऐकला, पहिला. वसईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणा पुण्यवानानं टाकला आणि खाली सगळ्यांनी हसून लोळणारी तोंडं टाकली, माझ्या सख्ख्या मेहुण्यासकट. त्याच दिवशी मी मुलाला कळवून टाकलं, की कार्यक्रम ऐकला, यापुढे ऐकणार नाही. नंतर त्याचा फोन आला तो हेलननं घेतला. त्यापुढचेही तिनंच घेतले. चार वर्षं झाली. खलास.

आता मी त्याला म्हणालो होतो की बोलायला शिकायला कोणी फी भरतं का, तुझी आई फुकट बोलते — ते मी रागात म्हणालो होतो, मला मान्य आहे. पण ते वाक्य त्यानं जसंच्या तसं रेडिओवर वापरलं! वाक्य माझं आणि टाळ्या त्याला. आणि जिथं जसंच्या तसं हवं तिथं बदलतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यथायोग्य बायकोला टॉर्च देतो म्हणे. साफ खोटं! टॉर्च नव्हताच तो. इमर्जन्सी लाइट होता, रिचार्ज होणारा. आणि ते लग्नातलं — पंगतीत वाढलेल्या पापलेटात थर्मामीटर खुपसतो — मी खुपसला नव्हता, मी फक्त स्वयंपाक्याला विचारलं होतं की मासळी किती डिग्रीला ठेवली होती. जन्मभर उणे अठराच्या दारात बसलेला माणूस दुसरं काय विचारणार? आणि गेल्या वर्षी त्या नाताळच्या भागात तर—

काय? एकच ऐकला म्हणालो, हो. मग? बाकीचे कानावर येतात. लोक सांगतात. — कोण लोक म्हणजे? लोक. शेजारचा यासिर सांगतो. बरं, यासिर मराठी नाही, मान्य, केरळचा आहे, पण — कोणती गाडी? गुरुवारी संध्याकाळी मी समुद्राकडे हवा खायला जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. काचा लावून? एसी असतो म्हणून लावतो. तुम्ही काय दुकान बंद करून माझ्यावर पाळत ठेवता काय? हसत होतो? एकटाच? — किती लोकांनी पाहिलंय?

बरं.

बरं, ऐकतो. मोबाइलवर. गुरुवारी साडेसातला लागतो, तिथं नऊ वाजतात. तुम्हाला काय वाटतं, चार वर्षं मुलाचा आवाज ऐकायचा नाही? फोनवर ऐकायची सोय मीच बंद केली, मग राहिलं काय? आवाज तरी त्याचा आहे ना, नाकातून काढलेला का असेना. आणि शेवटी, कार्यक्रम संपताना, तो स्वतःच्या आवाजात म्हणतो, मी लॉईड, भेटू पुढल्या गुरुवारी. तेवढं नीट म्हणतो. तेवढ्यासाठी अर्धा तास माझीच टिंगल ऐकायची, पेट्रोल जाळायचं आणि वर घरी येऊन सांगायचं की वारा छान होता. आणि लिहितो चांगलं, हो. पाखरणीतल्या त्या शांतता रेकॉर्ड करणाऱ्यांपेक्षा शंभरपट चांगलं. मी वाचलेली पुस्तकं त्यानं लहानपणी चोरून वाचलीत, ते दिसतं. — पण हे तुम्ही तिथं बोलायचं नाही.

आता ऐका, बोलावलं कशाला ते सांगतो. तीन गुरुवार झाले, कार्यक्रम नाही. काही सांगितलंही नाही, नुसता बंद. त्या वेळेला एक मुलगा बासरी वाजवतो. वाजवतो म्हणजे फुंकतो. पहिल्यांदा म्हटलं, सुट्टी असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, पाखरणीच ती, विसरले असतील. पण काल पुन्हा बासरी. लॉईडचा घसा लहानपणापासून नाजूक, तुम्हाला माहीत नाही, टॉन्सिल्स काढले तेव्हा आठवडाभर पाटीवर लिहून बोलायचा. हेलनला विचारावं तर मी कार्यक्रम ऐकत नाही ना! कसं विचारणार? म्हणून म्हटलं, तुम्ही जाताय, पार्सल द्या, दोन मिनिटं बसा, त्याला बोलतं करा आणि आवाज कसा येतो तेवढं मला कळवा. बसला असेल, तर बसलाय म्हणून. इन्शाल्ला काही नसेल. पण कळवा.

काय? कोणी दिलंय? हेलननं? कधी? — पाच किलो! गुलबानूभाभींकडे! आणि तुम्ही इतका वेळ मला बोलू दिलंत? काय आहे त्यात? चकल्या. पापड. दोन शर्ट. घशाचं काहीच नाही? का नाही? तिला सांगितलं नाही का त्यानं — ठीक आहे? घसा ठीक आहे? नक्की? रोज बोलते ती, हो, ते मला माहीत आहे, गॅलरीत उभी राहून बोलते आणि आत येऊन सांगते गुलबानूचा फोन होता. मग कार्यक्रम का—

तिनं सांगितलं त्याला? काय सांगितलं? जसं म्हणाली तसंच सांगा, अलीभाई, मध्ये साखर घालू नका. — 'तुझे पप्पा दर गुरुवारी गाडीत बसून ऐकतात.' आणि म्हणून यानं बंद केला. 'पप्पांना किती वाईट वाटलं असेल' म्हणाला.

थांबा जरा. पाणी पितो.

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत. वारा छान होता म्हणालो की मान हलवायची. चार वर्षं! माझ्यापेक्षा चांगली क्लार्क आहे ही बाई. — आणि तो गाढव! चार वर्षं बापाची साल काढताना काही वाटलं नाही, आणि बाप ऐकतोय म्हटल्यावर याला वाईट वाटलं? मग कोणासाठी करत होता? तिथल्या त्या गळ्यात रुमाल बांधून हिंडणाऱ्यांसाठी? रेडिओ चालवायचा आणि कोणी ऐकतंय कळलं की बंद करायचा, हे फक्त पाखरणीतच शिकवतात. सांगा त्याला. नाही, नको, हे नका सांगू. त्याला सांगा, हेलनचा गैरसमज झालाय. मी बातम्या ऐकतो. गाडीत, काचा लावून, बातम्या. हसत का होतो? बातम्याच तशा असतात म्हणावं. पटेल असं सांगा, तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला जमतं. दिवसभर गिऱ्हाइकं पटवता, एक मुलगा पटत नाही? त्यानं निर्धास्त करावा कार्यक्रम, कोणी ऐकत नाही.

आणि हे बघा — जाता जाता, सहज, तुमचं म्हणून एक सांगा. माझं नाव नको. लॉईड पाखरणीला गेल्यावरचं आहे, त्यामुळे त्याच्याकडे नाही हे. मी रिटायर झालो तेव्हा अर्बाबनं मला निरोपाला काय दिलं? फ्रीझर रूममध्ये घालायचं जाकीट. नवीन, कानटोपीसकट, आत लोकर. स्वतःच्या हातानं चढवलं माझ्या अंगावर. आता मालकानं मायेनं घातलेलं त्याच्यासमोर कसं काढायचं? तसाच गाडीत बसलो. तो दारात उभा राहून हात हलवतोय, मी निघालो. जून महिना! बाहेर माणूस भाजून निघतोय आणि माझ्या गाडीचा एसी त्याच आठवड्यात गेलेला. बरं, वळण ओलांडल्यावर काढायचं, तर चेन अडकली. सिग्नलला पोलिसानं पाहिलं. गाडी बाजूला घ्यायला लावली, काच खाली करायला लावली, बघत राहिला बिचारा. मग हळूच विचारलं, बाबा, बरं नाही का? मी म्हटलं, नाही, नाही. रिटायर झालो.

हसलात ना? बघा. पाण्याची बाटली दिली त्यानं आणि घरापर्यंत गाडीमागे आला. ते नंतर. आधी — ही हेलनची गाडी का? तीच. उठा, उठा. पार्सल राहू द्या आता, पाच किलो आहेच तुमच्याकडे. मध तेवढा घ्या, अफशीनला द्या, तिथं बोलायला लागेल पोरीला. आणि अलीभाई, ऐका — 'रिटायर झालो' म्हटल्यावर जरा थांबायचं म्हणावं. लोकांना हसू द्यायचं. तो थांबत नाही, लगेच पुढं पळतो, दर वेळी तेच करतो. मी काही बोललो नाही. यल्ला, निघा, अजान होईल.