सुकरूची फांदी

वाघ दिसला का, म्हणून विचारता. नाही दिसला. गिरणीतले आम्ही चौघं एका रविवारी जीप करून नागपूरहून ताडोब्याला गेलो होतो. वाट दाखवायला तिथल्याच गावचा सुकरू होता. दुपारी जीप थांबली. उतरताच त्यानं कडेला असलेल्या वाळक्या फांद्यांच्या ढिगावर एक फांदी टाकली आणि तो नाल्यावर पाणी आणायला गेला. मला वाटलं, आमच्यासाठीच सरपण जमवतोय. मी ढीग पेटवून दिला.

सुकरू परतला. "काहून पेटवलं, साहेब?"

"चहासाठी गा. तूच तर लाकूड टाकलं ना?"

"इथं माह्या बायकोले वाघानं नेलं. येणारा-जाणारा तिच्या नावानं एक फांदी टाकते."

त्यानं आणलेलं सगळं पाणी आगीवर ओतलं. मी रानात शिरलो आणि कवळभर फांद्या तोडून आणल्या. सुकरूनं त्यातली एकच काढून माझ्या हातात दिली.

"एका माणसाची एकच राहते, साहेब," तो हळूच म्हणाला. "बाकीच्या चहाले घ्या."