उजव्या बाजूचा अर्ज

विषय: आमची गेलेली मिशी. संदर्भ: कॅन्सर संशोधनासाठी सोसायटीने केलेली निधी उभारणी आणि तीत आमचा झालेला बकरा...

नाही, तुम्हीच सांगा, चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं? सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघायला लागले की मला वाटलं, बिस्किटाचा चुरा लागलाय! म्हणाले, "काका, मिशी द्या." अहो, मिशी म्हणजे काय वाटीभर साखर आहे? तर म्हणे, हॉलमध्ये दोन डबे ठेवू, एकावर 'मिशी राहावी', दुसऱ्यावर 'मिशी जावी', जो डबा जड भरेल तसं करायचं, पैसे सगळे संशोधनाला! मी आपला खूश. या मिशीला ऑफिसात साहेबसुद्धा टरकून... बरं, साहेब नव्हते टरकत, पण शिपाई तरी... तोही नव्हता. जाऊ दे.

तुम्हाला सांगतो, 'जावी'चा डबा दुपारीच भरला, दुसरा आणावा लागला! 'राहावी'त एकुलती एक नोट. ती मीच टाकलेली. आणि 'जावी'तली पहिली नोट कुणाची? आमच्या हिची! वर मलाच ऐकवते, "अहो, चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं?"

मग काय! माईक हातात घेऊन मी माहितीपत्रक वाचलं, चांगला आवाज चढवून, "अंगावर नवा डाग, गाठ, न भरणारी जखम दिसली तर लपवू नका, घाबरू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा!" टाळ्या पडल्या आणि त्या थांबायच्या आत सलूनवाल्याने वस्तरा फिरवला.

घरी आलो तर ही चष्मा लावून थेट माझ्या ओठांजवळ! म्हटलं, या वयात हे काय भलतंच... तर म्हणते, "अहो, हा काळा डाग कधीचा?"

कधीचा म्हणजे? मिशीखाली काय मी दिवा लावून बसलो होतो? म्हटलं, "असेल जन्मखूण. बघू पुढच्या महिन्यात." झालं! हिने माझाच आवाज काढला, अगदी माईकवाला, "लपवू नका, घाबरू नका!"

"अगं, ते लोकांसाठी होतं!"

खरं सांगू? शेवटी हीच मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि निकाल येईपर्यंत मी घरात इतका शहाण्यासारखा वागलो की हीच धास्तावली. एकदा भाजीत मीठ नव्हतं, तरी मी चकार शब्द काढला नाही... तेव्हा ती आत जाऊन डोळे पुसून आली.

निकाल आला. साधा डाग! मी खुर्चीतच उडालो, "म्हणजे मिशी वाढवायला मोकळा?"

"छे हो काका," डॉक्टर म्हणाले, "डाग बदलतोय का, त्यावर लक्ष हवं. उघडाच राहू दे. घरी कोण बघेल?"

"मी!" ही म्हणाली. डॉक्टरांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही हो! आता रोज सकाळी मी खिडकीशी हनुवटी वर करून उभा, आणि ही भिंग घेऊन माझी तपासणी करते. चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं?

तरी मी हिच्याकडे रीतसर लेखी अर्ज दिलाय... डाग डाव्या बाजूस असल्याने उजव्या बाजूची अर्धी मिशी राखण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.

अर्ज प्रलंबित आहे.