शटरसमोर उभी राहिलेली डिझेल गाडी

नाव: जेनेव्हिव्ह रिचर्ड मिस्किटा, वय ५१ वर्षे, धंदा: लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी, राहणार: मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व), मुंबई.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती रिचर्ड यांच्यासह राहण्यास आहे. पती बँकेतून निवृत्त असून घरी असतात. आमच्या ख्रिस्ती समाजातील लग्नांचे जेवण मी घरी तयार करून हॉलवर पोचवते. त्यासाठी माझ्याकडे सात सीटची जुनी डिझेल गाडी आहे. मागच्या सीटा काढून तेथे पातेली ठेवते. गाडी माझ्या नावावर असून मीच चालवते. पती गाडी चालवत नाहीत. ते शेजारी बसून ब्रेक दाबतात.

घाटकोपर येथील स्पेअर पार्टचे दुकानदार नंदकिशोर यांनी तक्रार दिली आहे की, मी सोमवारी माझी गाडी त्यांच्या दुकानासमोर आडवी लावून धंदा बंद पाडला. त्याबाबत माझे म्हणणे विचारण्यात आले. गाडी लावली हे खरे आहे. का लावली ते सांगते.

मागील महिन्यात गाडी चढावर धक्के देऊ लागली व काळा धूर सोडू लागली. गावठाणाच्या नाक्यावरील मेकॅनिक प्रीतम यांनी ती उघडून सांगितले की, एक इंजेक्टर गेला आहे. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. नवीन कुठून घेऊ असे मी विचारले. त्यावर प्रीतम म्हणाले, "आंटी, कुठूनपण आणा. मी बसवतो. मला मध्ये नका घेऊ."

मी कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला. त्यांनी सांगितले की पार्ट मागवावा लागेल, आठवडाभर थांबावे लागेल, बिल व गॅरंटी मिळेल. त्या शनिवारी माझ्याकडे फ्लेविया यांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर होती. फ्लेविया व मी एका शाळेत, एका बाकावर होतो. मी ठरवले की त्या लग्नापुरता टेम्पो भाड्याने घ्यायचा व पार्ट कंपनीचाच घ्यायचा. हा निर्णय मी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलून दाखवला, ही माझी चूक झाली.

थोरले दीर झेवियर वरच्या मजल्यावर राहतात. ते विमानतळावर नोकरीला होते. तेथे ते प्रवाशांच्या बॅगांच्या पट्ट्यावर देखरेख करीत. तेव्हापासून आमच्या घरात इंजिनाबाबत त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो. ते खाली आले व खुर्ची ओढून बसले.

"जेनी, कंपनीवाले लुटतात गं," ते म्हणाले. "नुसत्या खोक्याचे पैसे घेतात. घाटकोपरला माझा माणूस आहे. एकदम आपला. तोच माल, आज हातात."

मी म्हणाले, "मला आज नकोय. मला चालणारा पाहिजे."

"रिचर्ड, हिला सांग जरा."

पती म्हणाले, "झेवियरला कळतं त्यातलं."

मी म्हणाले की गाडी माझी आहे.

"तुझीच आहे, कोण नाही म्हणतंय? पण पार्ट कुठून घ्यायचा हे बायकांनी..." येथे झेवियर यांनी वाक्य सोडून दिले, कारण मी कढईसमोरून वळले होते व माझ्या हातात झारा होता.

तरीही मी घाटकोपरला का गेले असे विचारले असता सांगते की, नाही गेले असते तर टेम्पोच्या भाड्यापासून माझ्या स्वभावापर्यंत सर्व विषय लग्नाच्या दिवसापर्यंत चालले असते आणि मला स्वयंपाक करायचा होता.

नंदकिशोर यांच्या दुकानात मी, पती व झेवियर असे तिघे गेलो. झेवियर यांनी आत शिरताच हात पसरून "काय मग, ओळखलं का?" असे विचारले. नंदकिशोर म्हणाले, "बोला साहेब, कोणती गाडी?" झेवियर यांनी वळून आम्हाला सांगितले की, माणूस कामात असला की असाच वागतो.

नंदकिशोर यांनी कंपनीच्या नावाचे खोके काउंटरवर ठेवले. हा ओरिजिनल आहे का असे मी विचारले. त्यांनी झेवियर यांच्याकडे पाहून उत्तर दिले, "साहेब, माल कंपनीचाच आहे. फक्त कंपनीतून येत नाही."

मग कुठून येतो असे मी विचारले. ते झेवियर यांना म्हणाले, "मॅडमना टेन्शन आहे वाटतं." झेवियर व पती हसले. मी बिल मागितले. बिलाचा भाव वेगळा पडेल असे झेवियर यांना सांगण्यात आले. गॅरंटी विचारली असता नंदकिशोर प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाले, "आहे ना मॅडम. गाडी चालतेय तोपर्यंत फुल गॅरंटी."

पैसे मी दिले. त्या वेळी काउंटरवर बायकांचे चालते असे दिसले.

प्रीतम यांनी इंजेक्टर बसवला. गाडी चालू झाली. झेवियर यांनी बोनेटवर थाप मारली व "बघितलंस?" असे विचारले. मी बघितले.

शनिवारी संध्याकाळी मी जेवण घेऊन बोरिवलीच्या हॉलकडे निघाले. गाडीत सरपोतेल हे डुकराच्या मांसाचे कालवण, चिकन मोयलेचा रस्सा, पुलाव व टोपल्यांमध्ये फुगे होते. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. आमच्यात लग्नाला फुगे नसतील तर लोक जेवले असे धरत नाहीत. पती शेजारी होते. गोरेगावच्या पुलावर चढताना गाडीने दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला व ती बंद पडली. पुन्हा चालू झाली नाही.

पती म्हणाले, "चोक देऊन बघ." डिझेल गाडीला चोक नसतो. ते नंतर म्हणाले, "बोनेट उघड." बोनेट उघडले. आम्ही दोघांनी आत पाहिले. पुढे काय करायचे ते पतींना माहीत नव्हते. मी झेवियर यांना फोन केला. ते लग्नासाठी हॉलवर आधीच पोचले होते. मागे बँड वाजत होता. ते म्हणाले, "आवाज येत नाहीये," व फोन ठेवला. नंतर त्यांनी फोन घेतला नाही.

प्रीतम यांनी फोन घेतला. ते म्हणाले, "आंटी, मी नुसता बसवला होता."

मी रस्त्यात उभी राहून हात दाखवत होते. पुष्कळ वेळाने डेकोरेटरच्या खुर्च्या नेणारा एक टेम्पो थांबला. त्याच्या ड्रायव्हरने व मी पातेली चढवली. पती गाडीजवळ थांबतो म्हणाले, गाडी कोणी नेऊ नये म्हणून. मी खुर्च्यांवर बसून पुलावाचे पातेले धरून बोरिवलीला गेले.

हॉलवर पोचले तेव्हा नवरा-नवरीला शुभेच्छा देण्याचा टोस्ट होऊन गेला होता. लोक बाहेरून मागवलेली बिर्याणी कागदी प्लेटमध्ये खात होते. प्लेट कमी पडल्याने काहीजण झाकणात खात होते. झेवियर रांगेत होते.

फ्लेविया दाराशी आली. तिने साडीच्या पदराने माझ्या कपाळावरचे काळे पुसले. ती म्हणाली, "मुलाकडच्यांनी दुसरा कोणी सांगून ठेव म्हटलं होतं गं. मी म्हटलं, जेन आहे ना."

त्यानंतर मी काय केले असे विचारले असता, पातेली परत घेऊन गेले. भरलेली होती. याबाबत जास्त सांगायचे नाही.

रविवारी गाडी टो करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. त्यांनी सोमवारी सकाळी इंजेक्टर काढून माझ्या हातावर ठेवला. तो जुना, घासून चकचकीत केलेला होता. मूळ नंबर खरवडून दुसरा टाकलेला होता. नवीन मागवू का असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, आधी हाच परत बसवा.

तेथून मी टोइंगवाल्यास गाडी घाटकोपरला नेण्यास सांगितले. पती व झेवियर सोबत आले. नंदकिशोर यांना गाडीत परत बसवलेल्या इंजेक्टरबद्दल विचारले असता ते म्हणाले, "हा आमच्या दुकानाचा नाही. बिल दाखवा." मी झेवियर यांना म्हणाले, "सांगा ना, तुमचा माणूस आहे." झेवियर म्हणाले की ते त्या दिवशी फक्त सोबत आले होते व त्यांना पार्किंग शोधायचे होते. पती म्हणाले, "जेन, तमाशा नको."

त्यावर मी टोइंगवाल्यास सांगितले की गाडी येथेच उतरवा. ती शटरसमोर आडवी उतरवली. मी हँडब्रेक ओढला, काचा खाली केल्या व आत बसले. मी ओरडले, शिव्या दिल्या, असे तक्रारीत आहे. ते खोटे आहे. मला ओरडायची गरज पडली नाही. दुकानात जाणारा प्रत्येकजण मला वळसा घालताना "काय झालं?" असे विचारत होता. मी सांगत होते. दोन गिऱ्हाइके परत गेली. एक रिक्षावाला आत जाऊन आपण सकाळी घेतलेला पार्ट परत करू लागला.

नंदकिशोर बाहेर आले. "मॅडम, गाडी काढा."

"चालू होत नाही."

"मग ढकला."

"तुम्ही ढकला. गॅरंटी आहे ना."

त्यांनी ढकलून पाहिली. हँडब्रेक होता. मग त्यांनी शेजारच्या गॅरेजमधून मेकॅनिक आणला. मेकॅनिकने बोनेट उघडून सर्वांसमक्ष सांगितले, "शेठ, इंजेक्टर गेलाय. नवीन टाकल्याशिवाय ही हलत नाही."

नंदकिशोर यांच्यामागे भिंतभर इंजेक्टरची खोकी होती. मला गाडीतून दिसत होती. त्यांनी त्यांतले एकही खोके काढले नाही. त्यांनी नोकरास हाक मारून स्कूटरवरून कंपनीच्या काउंटरला पाठवले. कोणता पार्ट पाहिजे ते सांगितले व वरून बजावले की, बघून आण, सील बघ, बिल घे.

मी म्हणाले, "एवढी खोकी आहेत तुमच्याकडे. त्यातला लावा की."

ते घाईत होते व घामेजले होते. ते म्हणाले, "मॅडम, गाडी चालू व्हायला पाहिजे ना!"

हे वाक्य बोलताना आसपास पुष्कळ लोक होते. प्रथम रिक्षावाला हसला, नंतर शेजारचा टायरवाला, मग मेकॅनिक. नंदकिशोर यांच्या लक्षात आल्यावर ते आत गेले. नोकराने पार्ट आणला, मेकॅनिकने बसवला, गाडी पहिल्या चावीला चालू झाली.

गाडी चालू झाल्यावरही मी ती काढली नाही, हे तक्रारीतील म्हणणे खरे आहे. मी एसी लावला. मी नंदकिशोर यांना सांगितले की, आता जे बाहेर बोललात ते आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा सांगा, मी जाते. ते त्यांनी केले नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आल्यावर सांगितल्याबरोबर मी गाडी काढली. कोणाला धक्काबुक्की केली नाही.

नंदकिशोर हे आज ठाण्यात तडजोडीस तयार आहेत. ते म्हणतात की, मॅडम आमच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, गैरसमज झाला. मला तडजोड करायची नाही. खोट्या मालाबाबत माझी उलट तक्रार आहे, ती घ्यावी व भिंतीवरची खोकी उघडून पाहावीत.

फ्लेविया यांना साक्षीसाठी बोलवावे काय असे विचारले असता, बोलवू नये. काल तिचे दोन फोन आले. मी घेतले नाहीत. तिला मी स्वतः भेटेन. तिच्या घरी फुगे घेऊन जाईन, मग ती दार लावो की उघडो.

पती व थोरले दीर बाहेर बाकावर बसले आहेत. झेवियर यांनी मघाशी आत डोकावून सांगितले की, उलट तक्रार देण्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या वकिलाला विचारावे. मी त्यांना दार लावून घेण्यास सांगितले. घरी मी माझी गाडी चालवत जाणार आहे. त्या दोघांनी मेट्रोने यावे, असे त्यांना कळवावे.

मी जे बोलले ते टाइप करून मला मराठीत वाचून दाखवले. "ही माझी चूक झाली" हे स्वयंपाकघराबाबतचे वाक्य काढायचे का असे विचारण्यात आले. मी राहू द्या म्हणाले. बाकी सर्व जसे घडले तसे आहे, म्हणून खाली सही केली.

सही/-
जेनेव्हिव्ह रिचर्ड मिस्किटा