युसूफभाईंनी घेतलेला निरोप

भाभी, सलीम, आणि बिबवेवाडीतल्या माझ्या सगळ्या मंडळींनो,

उभा राहिलोय खरा, पण कुबड्यांवर. जरा सांभाळून घ्या. युसूफभाईंना भाषणाचं वावडं होतं. दुकानात कुणी म्हणालं, "चाचा, लढाईची गोष्ट सांगा की," तर म्हणायचे, "इथं साबण मिळतो. कोणता देऊ?" त्यांनी कधी सांगितलं नाही. आज मी सांगणार, आणि आज ते मला गप्प करू शकत नाहीत.

बासष्टची लढाई. चिनी फौज दरीतून खाली सरकत होती. आमची कंपनी जखमींना घेऊन मागे हटत होती. खाली नदीवर एकच पूल. जखमी पार होईपर्यंत शत्रूला अडवायचं आणि मग पूल उडवायचा, असा हुकूम. दरी अरुंद होते तिथं आम्ही आठजण थांबलो. आमचे हवालदार युसूफभाई.

अहो, काय माणूस होता! गोळ्यांचा पाऊस चाललाय आणि हे म्हणतायत, "घाई नको रे, स्वारगेटची शेवटची बस नाहीये ही." चिनी पुन्हा पुन्हा चाल करून आले. आम्ही हटलो नाही. आमचे तिघे तिथंच पडले. माझा पाय गेला.

पुलावरून कॅप्टनसाहेबांचा फोन आला. साहेब केरळचे, मराठी आमच्याकडूनच शिकलेले. युसूफभाई एवढंच बोलले, "जखमी पार करा साहेब. येतो आता." आणि तार तुटली.

मंडळी, आपल्यात घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? 'येतो'च म्हणतो ना? युसूफभाईंनी शेवटचा निरोप घेतला होता हो! साहेबांना वाटलं, हे येतायत. त्यांनी पूल तसाच ठेवला.

आम्हाला काय ठाऊक? काडतुसं संपली, धुकं उतरलं. युसूफभाईंनी मला पाठीवर घेतलं. म्हणालो, "मला ठेवा इथं. पूल कधीच उडवला असेल."

"तुझ्या आईला मी काय सांगू? गप बैस."

खाली आलो तर पूल उभा! साहेब ओरडले, "येतो म्हणालात, किती उशीर?" युसूफभाई म्हणाले, "साहेब, मी निरोप घेतला होता." साहेबांनी त्यांना मिठी मारली. दोघंही रडले. मी पाहिलंय.

भाभी, ते जखमी घरी पोचले. त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलंबाळं झाली. मलाही झाली. माझी नात समोर बसलीय, ती बघा. हा सगळा गोतावळा युसूफभाईंचा आहे.

आता त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. कुणीतरी माझ्या कुबड्या घ्या. भिंतीला टेकून का होईना, त्यांच्यासाठी मी माझ्या पायावर उभा राहणार आहे.