चार वर्ग, एक खोली

आमच्या प्रशिक्षणात काय झालं, सांगितलं का तुम्हाला? राधानगरीकडं माझी शाळा. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि शिकवणारी मी एकटी. प्रशिक्षण संपलं की अभिप्रायाचा कागद भरायचा असतो. पहिल्या बाकावरच्या बाई लिहितात तेच शेवटच्या बाकापर्यंत उतरत जातं. पोरांना कॉपी करू नका म्हणणारी आम्हीच! 'आणखी कशाचं प्रशिक्षण हवं?' या प्रश्नापुढं सगळ्यांचं एकच उत्तर, 'नको.'

या खेपेला मी लिहिलं, 'चार वर्ग एका वेळी कसे शिकवायचे, ते शिकवा.'

शिकवायला आलेले साहेब कागद घेऊन माझ्यापाशी आले. "बाई, एवढं खोडा की. हे वर जातंय."

"वर जावं म्हणूनच लिहिलंय."

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "बाई, तुमचा विषय मंजूर झाला बघा. पण शिकवणारं कोणच मिळंना. तुम्हाला अनुभव हाय, तुम्हीच या की शिकवायला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मला येत असतं तर मागितलं असतं काय? आता तुम्हीच माझ्या शाळेत या. सोमवारी. पहिली-दुसरी तुम्ही घ्या, तिसरी-चौथी मी घेते. अडंल तिथं दोघं मिळून शिकू."

"पोरं असताना?" साहेब दचकलेच.

"व्हय. पोरं नसताना चार काय, दहा वर्ग शिकवीन की मी!"