पाव इंच माया

सासू: तुकडे एवढेच, की मोठे आणखी कुठे ठेवलेस?

सून: एवढेच आहेत, आई. तीनशे चौऱ्याऐंशी. सगळे चार बाय चार. मोजून आणलेत.

सासू: मोजायचं नंतर. हा धर. आणि हा. आता मला सांग, हे दोन एकमेकांना जोडायचे कसे?

सून: कसे म्हणजे? मशीनवर. म्हणून तर तुमच्याकडे आणले.

सासू: मशीन मला नको सांगूस, चाळीस वर्षं याच्यावरच बसलेय. कडेला कड लावून मी सुई कुठे मारू? हवेत? की डिंकाने चिकटवायचे?

सून: मला कळलं नाही.

सासू: अगं, शिवण आत घ्यावी लागते. या बाजूने पाव इंच, त्या बाजूने पाव इंच. चार इंचाचा तुकडा शिवून झाला की साडेतीनच उरतो. गोधडी केवढी व्हायची होती तुझी?

सून: अठ्ठेचाळीस बाय चौसष्ट. पोरीच्या पलंगाएवढी. थांबा, लॅपटॉप उघडते. हे बघा. आडवे बारा, उभे सोळा, वरून एक थर आणि खालून एक. प्रत्येक शर्टाचा फोटो काढून आत घातलाय. निळ्या चौकड्यांचा मध्ये, राखाडी कडेला. माऊस धरून एकेक तुकडा हलवून बघितला, तीन आठवडे. आयुष्यातली पहिली गोधडी, म्हटलं नीट व्हावी.

सासू: चित्र छान आहे. चित्राला शिवण लागत नाही. बारा गुणिले साडेतीन किती?

सून: बेचाळीस.

सासू: आणि सोळा?

सून: छप्पन्न. म्हणजे... सहा इंच कमी आणि आठ इंच कमी.

सासू: पलंगसुद्धा झाकायचा नाही. अंगावर काय ओढणार ती पोर? उरलेलं कापड काढ. कॉलरी, कफ, काखेतलं, खिसे. काहीतरी जमवते.

सून: ते नाही.

सासू: नाही म्हणजे? सहा शर्ट होते.

सून: त्या चिंध्या आज सकाळी कचऱ्याच्या गाडीत दिल्या. घरात बघवत नव्हत्या मला.

सासू: धन्य आहेस बाई तू. आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरला एवढी साधी गोष्ट कळत नाही? बिनशिवणीचं कापतो?

सून: त्याला कळतं. त्यात एक रकाना होता, शिवणीसाठी जास्तीचं कापड किती धरू म्हणून. आधीपासून पाव इंच भरलेलं होतं. मी शून्य केलं.

सासू: का?

सून: छापून काढलं की प्रत्येक तुकड्याभोवती तुटक रेघ यायची आणि माप साडेचार व्हायचं. मला वाटलं काहीतरी गडबड आहे. मी ऑफिसात दिवसभर आकडे जुळवते, आई. बटण सोडून जन्मात काही शिवलेलं नाही. शून्य टाकलं की सगळं पूर्ण आकड्यात यायचं.

सासू: पण मी सांगितलं होतं तुला.

सून: नाही सांगितलंत.

सासू: फोनवर. मंगळवारी. तू म्हणालीस, आज कापायला घेते. मी म्हटलं, कापताना माया ठेव गं, जरा तरी माया ठेव. आणि तू फोन ठेवून दिलास.

सून: ते... तुम्ही कापडाचं बोलत होतात?

सासू: मग कशाचं बोलणार?

सून: मला वाटलं, टोमणा मारताय.

सासू: यात कसला टोमणा आलाय?

सून: की त्याच्यावर माया केली नाहीस, आता निदान त्याचे कपडे कापताना तरी ठेव.

सासू: अगं, शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ना, पुढेमागे घट्ट झालं तर उसवून सैल करायला, त्याला माया म्हणतात. कुठल्याही शिंप्याला विचार. दिवसातून दहा वेळा बोलते मी हा शब्द.

सून: आमच्या घरी कुणी शिवत नव्हतं. मला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. मी फोन ठेवला आणि त्याच तिरीमिरीत कात्री हातात घेतली. संध्याकाळपर्यंत तीन शर्ट संपवले. रडलेसुद्धा नाही, नुसती कापत सुटले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून उरलेले तीन.

सासू: मग उलट फोन करून भांडायचंस तरी. दोन शब्द मला सुनावले असतेस, तर शर्ट वाचले असते.

सून: तुम्ही का नाही केलात परत?

सासू: मी म्हटलं, गेली उडत. पोरगा गेला, आता हिची मिजास मी कुणासाठी सांभाळू. खोटं कशाला बोलू, असंच म्हटलं.

सून: रविवार सांगितलाय पोरीला. शर्ट तिने स्वतः आणून दिले मला, एकेक घडी करून. तीन महिने रोज एकाची बाही मुठीत धरून झोपायची. मी म्हटलं, गोधडी करू, म्हणजे सगळाच बाबा अंगावर येईल. तर म्हणाली, दोन्ही बाजूंनी बाबाच हवा, मध्ये दुसरं कापड घालायचं नाही. आता हातात काहीच नाही तिच्या. दोन दिवस झाले, टक्क डोळे उघडे ठेवून पडलेली असते. सहा वर्षांची पोर, आई. मी जवळ गेले की कूस बदलते.

सासू: आण ते इकडे. रांगा लावून दे मला तुझ्या चित्राप्रमाणे. जेवढी होईल तेवढी होईल. आधी जोडायला तरी घेऊ.

सून: हा पहिला. मग राखाडी. मग परत हा.

सासू: एक विचारते, चिडू नकोस. तो तुझं घर सोडून इथे राहायला आला तेव्हा एका पिशवीनिशी आला. मी म्हणायचे, अरे, शर्ट घेऊन ये तुझे, रोज तेच दोन घालतोस. तर म्हणायचा, असू देत तिथे. परत जायचं त्याच्या मनात होतं. तुला कधी बोलला का तसं?

सून: नाही.

सासू: त्या दिवशीही पोरीला भेटायलाच निघाला होता. दारातून म्हणाला, जरा पोरीकडे जाऊन येतो.

सून: पोरीला भेटायला नव्हता येत.

सासू: तो मला म्हणाला तसं.

सून: मी बोलावलं होतं. शर्ट न्यायला. म्हटलं, कपाट अडून राहिलंय, शनिवारपर्यंत नेले नाहीस तर कुणालातरी देऊन टाकीन. तो म्हणाला, उद्या येतो, आज डोकं दुखतंय. मी म्हटलं, उद्या नाही, आत्ता. आणि मग पुलाच्या तोंडाशी तो ट्रक.

(सासू मशीन थांबवते.)

सासू: पोरीला माहितेय हे?

सून: नाही. कुणालाच नाही.

सासू: मला तरी कशाला सांगितलंस?

सून: तुम्ही म्हणालात, टोमणा नव्हता म्हणून. माझ्या मनात आलं, मारला असतात तरी चुकलं नसतं.

सासू: तुला वाटत असेल, मी आता म्हणेन, जाऊ दे, तुझा काय दोष, होणारं टळत नाही. मी नाही म्हणणार. आज तर नाहीच. माझा एकुलता एक होता तो.

सून: म्हणू नका. मी उठू का? तुकडे इथे ठेवून जाते. पाठीमागे तुम्ही सवडीने...

सासू: बस खाली. तुझं चित्र मला कुठे पाठ आहे? तू गेलीस तर कुठला तुकडा कुठे, ते कोण सांगणार?

सून: बसते.

सासू: सहा इंच आणि आठ इंच. चारी बाजूंनी पट्टी लावली तर भरून निघेल. डावीउजवीकडे तीन-तीन, वरखाली चार-चार. पोरीला दुसरं कापड चालायचं नाही म्हणालीस.

सून: नाही चालायचं. आणि त्याचं कापड आता कुठून आणणार? तुमच्याकडचा एक मीच नेला होता, त्या सहात तोही आला.

सासू: एक आहे. त्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात. निळी पिशवी. आण.

सून: ही? हिच्यावर दवाखान्याची चिठ्ठी आहे.

सासू: त्या दिवशी अंगात होता तो. तिथल्या लोकांनी समोरून कात्री लावलीय, मधोमध. पाठ आणि बाह्या शाबूत असतील. पट्ट्या निघतील.

सून: असतील म्हणजे? तुम्ही बघितला नाहीत?

सासू: त्यांनी हातात दिली तशीच आणून ठेवली. चार वेळा काढली, मांडीवर घेतली. परक्यांचे कपडे उसवण्यात जन्म गेला माझा, पण त्या पिशवीची गाठ नाही सुटत मला.

सून: मी सोडू?

सासू: सोड.

सून: (गाठ सोडून शर्ट उलगडते.)

सासू: कसाय?

सून: पाठ शाबूत आहे. बाह्याही आहेत. आई, हा धुवावा लागेल.

सासू: हो.

सून: तुम्ही इथेच बसा. मी धुते. पाणी तापवून घेऊ?

सासू: नको. गार पाण्यात घाल. गरम पाण्याने डाग बसतो.