आपला अनुभव कसा होता?

…नाही, पण मी म्हणतो, एका ओळीचं उत्तर द्यायला माणसाचं काय जातं हो? आमची एक वेबसाइट आहे, सगळ्यांनी मिळून लिहायची. नळ गळतोय, चेन अडकलीय, ज्याला जे दुरुस्त करता येतं त्यानं ते लिहायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालायची. रिटायर झाल्यावर मीही शिरलो त्यात. तर मला काम काय दिलं? नव्या सभासदांना फोन करून विचारायचं, "आपला अनुभव कसा होता?"

तुम्हाला सांगतो, पहिली बाई म्हणाली, "कर्ज नकोय!" धाडकन फोन बंद. दुसरा म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे," आणि मागे भांडी घासल्याचा आवाज! तिसरा म्हणे, "कुठली वेबसाइट?" अहो, काल तुम्हीच नाही का… जाऊ दे. मला तर अशी सवय लागली की ताईचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला तर मी तिलाही, "आपला अनुभव कसा होता?" ती म्हणते, "कुणाचा रे? तुझा? ठेव फोन!"

आणि मग लागला एक शिंपी. शर्टाला काज कसं करायचं ते लिहिलं होतं त्यानं. विचारलं, "आपला अनुभव कसा होता?" म्हणाला, "चांगला. आणि काका, तुमचा?"

…माझा?

अहो, हे मला कुणी विचारलंच नव्हतं! म्हणजे वेबसाइटचं नाही, एकूणच… बायको गेल्यापासून. मग मी जो सुटलो! हिचं दुखणं सांगितलं, दाराची बेल बिघडलीय की कुणी येतच नाही हे कळेना म्हणून मीच बाहेर जाऊन वाजवून बघतो, तेही सांगितलं! शेवटी तो म्हणाला, "काका, इस्त्री तापलीय."

इतकी लाज वाटली म्हणता! माफी मागायला दुकान शोधत गेलो, आणि तोंडातून निघालं काय? "शर्ट शिवायचाय."

ट्रायलला त्यानं कच्चा शर्ट अंगावर चढवला, तोंडात टाचण्या धरल्या. मी बोलतोय, तो आपला "हूं… हूं…" टाचण्या तोंडात, "मीटिंगमध्ये आहे" म्हणणार कसा? एकदाच टाचण्या काढून म्हणाला, "काका, मधेमधे श्वास घ्या. माप चुकतं."

आता काय सांगू… कपाट भरलंय शर्टांनी. एकेकाची काजं बघत राहावीत अशी! पण घालून जायला ठिकाण एकच… त्याचं दुकान.